आशा असलेल्यांचा शोक

शास्त्रपाठ : योहान ११:१७-४४, १ थेस्सलनीकाकरांस ४:१३-१८
मननासाठी : विलापगीत, अध्याय ३



मंडळीतील एखाद्या घरी मृत्यू झाला म्हणजे आपण सांत्वनासाठी जातो, गीत गातो, वचन वाचतो, प्रार्थना करतो. ही रीत चांगली आहे व ती टिकली पाहिजे. पण अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येते : "रडू नका, तुम्ही विश्वासणारे आहात." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु ज्या बाईचा नवरा किंवा मुलगा नुकताच मातीआड झाला आहे तिच्या मनात त्या वाक्याचा अर्थ निराळा उतरतो. तिला वाटते, आपल्या डोळ्यांतील पाणी म्हणजे आपल्या विश्वासाची उणीव. मग ती लोकांसमोर डोळे पुसते आणि रात्री एकटीच रडते. पुढे पुढे उपासनेला येणेही तिला जड जाऊ लागते, कारण तेथे धीराचा चेहरा करून बसावे लागते.

इकडे अणशीच्या बाजूला वाड्या रानात विखुरलेल्या आहेत. पावसाळ्यात घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला म्हणजे एकमेकांकडे जाणे अवघड होते. अशा ठिकाणी दुःखी घराला भेट देणारे थोडे, आणि आलेल्याने बोललेला शब्द पुष्कळ दिवस मनात राहतो. तो शब्द शास्त्राला धरून आहे की नाही हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे. या पाठात आपण एवढाच प्रश्न घेऊ : ख्रिस्ती मनुष्याने शोक करावा काय, आणि तो शोक करीत असता त्याची आशा कोठे असते?

१. पौलाने काय सांगितले

थेस्सलनीका येथील मंडळी नवी होती. प्रभू लवकरच परत येणार या अपेक्षेत ते लोक दिवस काढीत होते. इतक्यात त्यांच्यातील काही जण मरण पावले. मागे राहिलेल्यांना चिंता पडली की, प्रभूच्या येण्याच्या वेळी आपले हे मेलेले आप्त मागेच राहतील काय? या चिंतेला उत्तर म्हणून पौलाने चौथ्या अध्यायातील ही वचने लिहिली.

तेराव्या वचनाकडे नीट लक्ष द्या. ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा तुम्ही खेद करू नये, असा त्याचा भावार्थ आहे. पुष्कळ जण यातील पहिला भाग सोडून देतात आणि केवळ "खेद करू नका" एवढेच ऐकतात. पौल तसे म्हणत नाही. शोक शोकात फरक आहे, एवढेच तो सांगतो. एक शोक असा की ज्याच्यापुढे कबरेपलीकडे काहीच नाही. दुसरा असा की ज्याच्यापुढे येशूचे मरण व पुनरुत्थान उभे आहे. डोळ्यांत पाणी दोन्हीकडे असते.

हा अर्थ आपण ओढूनताणून काढीत नाही, याला पौलाचेच जीवन साक्ष आहे. एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दाराशी गेला होता. त्याच्याविषयी फिलिप्पैकरांस लिहिताना (२:२७) पौल कबूल करतो की, देवाने दया केली म्हणून माझ्या दुःखावर आणखी दुःख आले नाही. एपफ्रदीत मेला असता तर तो ख्रिस्ताजवळ गेला असता हे पौलाला ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. तरीही त्याला दुःख झाले असते. तसेच प्रेषितांची कृत्ये ८:२ पाहा. स्तेफनाने मरताना स्वर्ग उघडलेला पाहिला होता. त्याच्या जाण्याविषयी कोणाला शंका नव्हती. तरी भक्तिमान माणसांनी त्याला पुरले तेव्हा त्याच्यासाठी मोठा विलाप केला. पहिल्या हुतात्म्याच्या कबरेपाशी मंडळी रडली. मग आपल्या घरच्या कबरेपाशी आपण का रडू नये?

२. बेथानीच्या वाटेवर

आता योहानाचा अकरावा अध्याय घेऊ. बेथानी हे यरुशलेमेपासून तीनेक किलोमीटरवरील गाव. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था पुढे होऊन प्रभूला भेटते, आणि नंतर मरीया भेटते. दोघी बहिणी एकच गोष्ट बोलतात : प्रभू, तू येथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता (वचने २१ व ३२). या बोलण्यात विश्वास आहे, आणि तक्रारही आहे. प्रभूने त्यांपैकी एकीलाही दटावले नाही.

वाक्य एकच, पण त्याने दोघींना दिलेले उत्तर एक नाही. मार्थेशी तो बोलतो. पुनरुत्थान व जीवन मीच आहे, हे महान सत्य तो तिला सांगतो. मरीया पाया पडून रडू लागते तेव्हा तो तिला उपदेश करीत नाही. तो आत्म्यात व्याकूळ होतो, कबर कोठे आहे ते विचारतो आणि त्याच्या डोळ्यांतून अश्रू येतात. कोणाला शब्द हवा आणि कोणाला सोबत हवी हे प्रभू ओळखतो. सांत्वनास जाणाऱ्या प्रत्येकाने एवढा एक धडा जरी घेतला तरी पुष्कळ आहे.

आणखी एक गोष्ट. लाजराला उठवायचे हे येशूने आधीच शिष्यांना सुचविले होते (वचन ११). थोड्याच वेळात लाजर कबरेतून बाहेर येईल हे त्याला माहीत होते. असे असूनही तो रडला. तेव्हा पुनरुत्थानाची पूर्ण खात्री आणि डोळ्यांतील पाणी ही एकाच हृदयात एकाच वेळी राहू शकतात. ज्याच्या ठायी विश्वासाची काहीच उणीव नव्हती तो रडला. म्हणून अश्रूंवरून कोणाच्या विश्वासाचे माप काढू नये.

३. विलाप हीदेखील प्रार्थना आहे

दुःखी माणसाला प्रार्थना करता येत नाही असे आपण म्हणतो. पुष्कळदा त्याला स्तुतीची प्रार्थना करता येत नाही, एवढेच खरे असते. शास्त्रात दुसऱ्या प्रकारची प्रार्थनाही आहे. स्तोत्र १३ मध्ये दावीद देवाला किती काळ, किती काळ असे पुन्हा पुन्हा विचारतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते; शेवटी कोठेही प्रकाशाची ओळ नाही. तरीही ते स्तोत्र देवाच्या पुस्तकात ठेवलेले आहे. नामी आपला नवरा व दोन्ही मुलगे मवाबात गमावून बेथलेहेमास परत आली तेव्हा, मला आता नामी म्हणू नका, मारा म्हणा, असे ती सगळ्या गावासमोर बोलली (रूथ १:२०). मारा म्हणजे कडू. देवाने तिचे हे कडू बोलणे ऐकून घेतले, आणि रूथ त्या कडूपणाला कंटाळून निघून गेली नाही.

शोक केवळ मृत्यूचाच असतो असे नाही. आमच्या या तालुक्याला पूर्वी सुपा तालुका म्हणत. काळी नदीवर गणेशगुडीजवळ धरण बांधले गेले आणि १९८० नंतरच्या दशकात सुपा गाव पाण्याखाली गेले. तेथील लोकांना रामनगरसारख्या ठिकाणी नव्याने घरे मांडावी लागली. ज्यांनी आपले अंगण, विहीर, शेत बुडालेले पाहिले, त्यांना विलापगीताचे पुस्तक समजावून द्यायला टीकाकार लागत नाही. ते पुस्तक एका उद्ध्वस्त शहराचा शोक आहे.

त्या पुस्तकाची रचना पाहण्यासारखी आहे. त्यात पाच अध्याय आहेत. इब्री वर्णमालेत २२ अक्षरे. पहिला, दुसरा, चौथा आणि पाचवा या अध्यायांत प्रत्येकी २२ वचने, आणि तिसऱ्यात तिप्पट म्हणजे ६६. पहिल्या चार अध्यायांत वर्णमालेच्या क्रमाने एकेका अक्षरावर कडवे सुरू होते. जणू कवी म्हणतो, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, काही न वगळता, मी माझे दुःख देवाला सांगणार. देवाची दया रोज सकाळी नवी होते ही प्रसिद्ध वचने तिसऱ्या अध्यायात, पुस्तकाच्या मधोमध आहेत. त्यानंतर रडणे थांबत नाही. चौथा व पाचवा अध्याय पुन्हा दुःखाचाच आहे. यावरून आपल्याला हे कळते की, आशा एकदा सापडली म्हणजे शोक संपला असे होत नाही. मनुष्य आशा बोलून दाखवील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रडेल. तो मागे फिरला असे समजू नका. शास्त्राची वाटही तशीच आहे.

काहींचा शोक तर सुरूच होऊ शकत नाही. १६ जुलै २०२४ रोजी आपल्याच जिल्ह्यात, अंकोला तालुक्यातील शिरूर येथे राष्ट्रीय महामार्गावर डोंगर कोसळला. माणसे व वाहने मातीखाली आणि गंगावळी नदीत गेली. नदीत शोध लांबत गेला, आणि दोन महिन्यांहून अधिक काळ देहाची वाट पाहण्याची पाळी आप्तांवर आली. अशा माणसांना आपण काय सांगणार? त्यांच्या जवळ बसून, हे प्रभू, किती काळ, असे त्यांच्याबरोबर म्हणणे ही त्या वेळची खरी प्रार्थना होय.

४. "हे का झाले?"

दुःखात हा प्रश्न येतोच, आणि त्याला घाईने उत्तर देण्याचा मोह सांत्वन करणाऱ्यांना होतो. "घरात काही पाप असेल", "देवाला तो जास्त आवडला म्हणून नेला", "देव तुमची परीक्षा पाहत आहे", अशी उत्तरे आपण ऐकतो. ईयोबाचे तीन मित्र एलीफज, बिल्दद व सोफर प्रथम सात दिवस व सात रात्री त्याच्याबरोबर मुकाट्याने जमिनीवर बसले. तोपर्यंत ते चांगले मित्र होते. त्यांनी कारणे सांगण्यास तोंड उघडले आणि ते ईयोबाचे दुःख वाढविणारे झाले. अखेरीस देवाने त्यांच्यावरच रोष केला (ईयोब ४२:७).

प्रभू येशूनेही असला हिशेब नाकारला. शिलोह येथील बुरूज पडून अठरा माणसे मेली होती. ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, या प्रश्नाला त्याने स्पष्ट नकार दिला (लूक १३:४, ५). जन्मांध माणसाविषयीही त्याने तसेच सांगितले (योहान ९:३). जेथे प्रभूने बोट दाखविले नाही तेथे आपण दाखवू नये. "का" याचे उत्तर देण्याचे काम आपल्याकडे सोपविलेले नाही. वधस्तंभावर स्वतः प्रभूने बावीसाव्या स्तोत्राच्या शब्दांत पित्याला हाच प्रश्न विचारला, आणि त्याला त्या क्षणी शब्दांत उत्तर मिळाले नाही. उत्तर तिसऱ्या दिवशी मिळाले.

५. एका जीवनाची साक्ष

हे सर्व एका माणसाच्या आयुष्यात कसे घडते ते पाहावयाचे असेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहावे. त्यांचे नाव आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यांचा जन्मही अणशीच्या दक्षिणेस याच सह्याद्रीच्या रांगेत, गंगामूळच्या रानात २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचा तेथे आश्रम होता. रमाबाई तान्ह्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि वर्षानुवर्षे फिरत राहिले.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळाने या कुटुंबाला गाठले. जवळचे सर्व संपले. रानातील पाला व पाणी यांवर दिवस काढावे लागले. प्रथम वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या वेळी खांदा द्यायला माणसे मिळेनात. कशीबशी दोन माणसे मिळाली. चौथा खांदा रमाबाईंचा. उंची लहान, म्हणून त्यांना तो भार डोक्यावर घ्यावा लागला. भाऊ श्रीनिवास तेवढा उरला. तोही १८८० साली बंगालमध्ये वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. पुढच्या वर्षी मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. चोवीस वर्षांच्या आत एवढे सर्व झाले.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. तेथे त्यांच्या दुःखाला एकदम विराम मिळाला असे नाही. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी त्यांनीच साक्ष दिली आहे की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः अजून मिळावयाचा होता. ज्यांना दुःखात विश्वासाचा आधार लगेच जाणवत नाही त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. देव घाई करीत नाही आणि उशीर झाला म्हणून सोडूनही देत नाही.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले; पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी वाचविल्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथे जवळजवळ दोन हजार जणी आश्रयाला होत्या. भुकेने आईवडील गेलेले ज्या मुलीने पाहिले होते, तिलाच दुष्काळातील मुलींची भूक दूरून समजली. दुष्काळ चांगला होता असे याचा अर्थ कोणी करू नये. आईचे मरण वाईटच होते. परंतु देवाने ती जखम वाया जाऊ दिली नाही. देव आमचे सांत्वन करतो ते यासाठी की आम्ही दुसऱ्याचे सांत्वन करावे, असे पौल २ करिंथकरांस १:४ मध्ये शिकवितो. त्याचा अर्थ केडगावात दिसतो.

सर्वांत कठीण घाव शेवटी यायचा होता. मनोरमाबाई आईच्या कामातील उजवा हात होत्या. पुढे हे काम त्याच चालवतील अशी सर्वांची अपेक्षा होती. २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले. रमाबाई तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या. त्या आईच्या मनात काय झाले असेल ते आपण सांगू नये. दिसते ते एवढे की, इब्री व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे जे काम त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी घेतले होते ते त्यांनी सोडले नाही. मनोरमाबाईंमागे आठ-नऊ महिने त्या जगल्या, आणि ते काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या. ते शास्त्र मुक्ती सदनातील स्त्रियांच्या हातून छापले गेले आणि १९२४ साली प्रसिद्ध झाले.

लक्ष्मीबाई टिळकांचेही असेच. ९ मे १९१९ रोजी रेव्ह. टिळक वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पुरे केले, आणि 'स्मृतिचित्रे' लिहून गेलेल्या पतीला मराठी घराघरांत नेले.

येथे एक सावधगिरी सांगणे जरूर आहे. सर्वांनाच दुःखातून मोठे कार्य उभारता येईल असे नाही. कोणाला सकाळी उठून चूल पेटविणे एवढेच जमेल. देवाच्या दृष्टीने तेही थोडे नाही. झुडपाखाली निजून मरण मागणाऱ्या एलीयाला देवाने प्रथम काम सांगितले नाही. भाकर व पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा जेवू घातले (१ राजे १९:४-८).

६. आपली आशा कशावर उभी आहे

"काळ हे औषध आहे" असे लोक म्हणतात. काळ जखमेवर खपली आणतो हे खरे, परंतु काळ कोणाला परत देत नाही. ख्रिस्ती आशा काळावर उभी नाही. ती एका घडलेल्या गोष्टीवर उभी आहे : ख्रिस्त मरणातून उठला आहे, आणि पौलाच्या म्हणण्याप्रमाणे तो महानिद्रा घेणाऱ्यांतील प्रथमफळ आहे (१ करिंथकरांस १५:२०). शेतातील पहिली लोंबी पिकलेली दिसली म्हणजे मागील पीक येणार याची शेतकऱ्याला खात्री पटते. तसेच हे आहे.

उठलेल्या प्रभूच्या हातांवर व कुशीत खुणा होत्या (योहान २०:२७). पुनरुत्थानाने त्या पुसल्या नाहीत. म्हणून आपल्या मेलेल्यांना विसरणे हे आशेचे लक्षण नव्हे. त्यांचे नाव घ्यावे, त्यांची आठवण काढावी. प्रकटीकरण २१:४ मध्ये सांगितले आहे की देव स्वतः आपल्या लोकांचे अश्रू पुसून टाकील. जे अश्रू आम्ही येथे ढाळू दिले नाहीत, ते तो कोठून पुसणार?

७. मंडळीने काय करावे

पहिल्या आठवड्यात घर भरलेले असते. तिसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही, आणि दुःख तर तेव्हाच घरात ठाण मांडून बसते. म्हणून पुढील गोष्टी पाळकांनी, पंचांनी व महिला मंडळाने वाटून घ्याव्यात.

भेटीला जाल तेव्हा थोडे बोला. गेलेल्या माणसाविषयी घरच्यांना बोलू द्या. वचन लहान वाचा, प्रार्थना लहान करा. तुमच्या घरच्या दुःखाशी त्यांच्या दुःखाची तुलना करू नका.

हाताने मदत करा. मृत्यूचा दाखला, बँकेतील खाते, रेशन कार्ड, विधवा पेन्शन यांसाठी तालुक्याच्या गावी खेपा घालाव्या लागतात. सोबत कोणी गेले तर मोठा भार हलका होतो. लावणीच्या दिवसांत एक दिवस त्यांच्या शेतात उभे राहणे हेदेखील सांत्वनच आहे.

पहिला नाताळ, पहिला ईस्टर, वाढदिवस व वर्षाचा दिवस लक्षात ठेवून त्या घरी जा. मुलांना विसरू नका. त्यांच्याशी खरे बोला. बाबा गावाला गेले आहेत असे सांगू नका.

कोणी अनेक आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, किंवा जगणे नको असे बोलू लागला असेल, तर त्याला एकटे सोडू नका व विनाविलंब डॉक्टरांकडे न्या. औषध घेणे हा अविश्वास नव्हे. लूकही वैद्यच होता.

चर्चेसाठी प्रश्न

१. मार्था व मरीया यांना प्रभूने दिलेल्या उत्तरांत कोणता फरक दिसतो? तुम्हाला दुःखात कशाची अधिक गरज वाटली?
२. आपल्या उपासनेत विलापाच्या स्तोत्रांना जागा आहे काय? नसल्यास ती कशी देता येईल?
३. गेल्या वर्षभरात आपल्या मंडळीत कोणकोणत्या घरी मृत्यू झाला? त्यांपैकी कोणाकडे या महिन्यात जावयाचे?

प्रार्थना

हे प्रभू येशू, मित्राच्या कबरेपाशी तू रडलास. आमच्यातील जे शोक करीत आहेत त्यांच्या अश्रूंची आम्हाला लाज वाटू देऊ नको. त्यांच्याजवळ बसण्याचा धीर आम्हाला दे. उगाच बोलण्यापासून आमचे तोंड आवर. आणि जोपर्यंत आमचे मेलेले तुझ्या हाकेने उठत नाहीत, तोपर्यंत आम्हाला एकमेकांचा हात धरून आशेत राखून ठेव. आमेन.